नैवेद्याचं भरीत

यंदा आषाढ लागायच्या आधी काकूचा फोन आला. काकू स्वतःहून फोन करत नाही. दिवाळीला मीच करते, ती "हां, हां, बरं हाय समदं" म्हणते आणि दोन मिनिटांत ठेवते. त्यामुळं तिचं नाव दिसलं तसा माझ्या हातातला झारा तेलात पडला. कुणाचं काय झालं असेल ते सगळं एका दमात डोक्यात येऊन गेलं. माझं तसंच आहे. फोन वाजला की मी आधी घाबरून घेते, मग उचलते.

"तुज्यापाशी ते बी हाय का गं?" काकूनं विचारलं.

"कोणतं?"

"कोणतं काय इचारायलीस? आपल्या परसातलं. वांग्याचं, काटेरी देठाचं. जाताना दिलं व्हतं की तुला."

"हाय की काकू. दरसाल धरते मी."

"मग धाड थोडं. हितं समदं नर्सरीचं झालंय. दिसायला लय गोंडस, आन खायला निस्ता वला कापूस. सटीला देवाम्होरं ठिवायची लाज वाटायली."

मी बरं म्हटलं. तिनं फोन ठेवला. तेलातला झारा चिमट्यानं काढला आणि पुढं काय तळायचं होतं तेच मला आठवेना.

मी सुरतेच्या बाजूला एका मेसमध्ये स्वयंपाक करते. कापडाच्या मागावर काम करणारी साठेक माणसं दोन्ही वेळेला जेवायला असतात. कुणी ओडिशाचं, कुणी बिहारचं, आमच्या परभणीकडचं कुणी नाही. मेसच्या गच्चीवर मालकीणबाईंच्या परवानगीनं मी रंगाच्या रिकाम्या डब्यांत वांगी लावलेली आहेत. पहिली तीन फळं तोडायची आणि चौथं एक झाडावरच पिकू द्यायचं. ते पिवळं होतं, जड होतं, खाली लोंबतं. चुकून कुणी तोडू नये म्हणून त्याच्या देठाला चिंधी बांधून ठेवते. ही चिंधी बांधायची पद्धत काकूची. बी राखेत घोळून ठेवायची पद्धतही तिचीच. खरं सांगायचं तर चार माणसांत मला ज्या गोष्टीनं भाकरी मिळाली, ती प्रत्येक गोष्ट काकूचीच आहे. तिच्यावर राग धरायला मला जागा नाही. तरी तो आहे.

आम्ही ताडकळसजवळच्या एका गावातले. दसरा झाला की माय आणि बाप कोयते घेऊन ऊस तोडायला जायचे, आणि मी त्यांच्याबरोबर. परत यायचो ते उन्हाळा लागल्यावर. त्यामुळं शाळेत माझं नाव होतं, पण मी बसायचे जून ते दसरा. प्रत्येक पुस्तकाचा नंतरचा अर्धा भाग माझ्यासाठी कोरा होता. पाचवीला तसंच, सहावीला तसंच, सातवीला तसंच. गुरुजी वर ढकलायचे. अपूर्णांक कुठं सुरू होतात ते मला माहीत होतं, संपतात कुठं ते माहीत नव्हतं.

काका म्हणजे माझ्या वडलांचे धाकटे भाऊ. ते दुसऱ्याची जमीन बटईनं करायचे म्हणून वर्षभर गावातच असायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी आठवीत गेले त्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, माय बोचकं बांधत होती तेव्हा काकू आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, पोरीला नका नेऊ यंदा," ती मायला म्हणाली. "ऱ्हाऊ द्या मपल्यापाशी. ताडकळसला आठवीत नाव हाय तिचं. हुशार हाय लेकरू. वरीसभर शाळेत बसली तर पार दहावी करंल."

मायनं बोचक्यातून माझे दोन कपडे काढून बाजूला ठेवले. बाप मात्र बोलला. "नीट ऱ्हायली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर निरोप धाडा. गाडी भरून माणसं येतच असतेत, बसवून द्या कुणाबरबर बी."

म्हणजे ठरलं ते एवढंच. नीट राहिले तर शाळा. नाही तर ऊस.

काकूनं मला दुसऱ्याच दिवशी परसात नेलं. घरामागं बावीस झाडं होती वांग्याची. पानं तळहाताएवढी, देठाला काटे, फळ हिरवं आणि त्यावर पांढऱ्या रेघा. भरताला हेच चांगलं. काकू म्हणाली, "परस तुज्याकडं. मी कापूस येचायला जायलेय, दिस बुडल्याबिगर येत न्हाई. ह्यांची जिम्मेदारी तुजी. सटीपातूर जगली पायजेत."

सट म्हणजे चंपाषष्ठी. आमच्या घरचा देव खंडोबा. आषाढी एकादशीला वांगं बंद होतं ते सटीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच सुरू होतं. पाच महिने घरात कुणाच्या तोंडाला वांगं लागत नाही. झाडाला लागतं ते शेजारीपाजारी देऊन टाकायचं, आपण नुसतं बघायचं. आणि सटीचं भरीत करणाऱ्यानंही चाखायचं नसतं. देवाच्या आधी जीभ लागली की उष्टं झालं. मीठसुद्धा अंदाजानं घालायचं.

काकूचं याहून एक जास्तीचं होतं. तिनं बोललं होतं देवाला. पाच सटी, आपल्या परसातलं, आपण धरलेल्या बियाचं भरीत. एक लेकरू दे. ती सट पाचवी होती. हे मला काकूनं सांगितलं नाही. हापशावर बाया बोलायच्या त्यातून कळलं.

न्हाणीचं पाणी एका बारीक पाटानं परसात जायचं, पण ते कडेच्या चार झाडांनाच पुरायचं. बाकीच्या अठरांना हापशावरून घागरी आणाव्या लागायच्या. दोन झाडांना एक घागर, एक दिवसाआड. पहिला महिना मी एक दिवस चुकवला नाही. शाळा सुटली की ताडकळसहून चालत यायचे, दप्तर ठेवायचे, घागर उचलायचे. हात सोलले तेव्हा काकूनं तेल चोळलं. रात्री जेवताना भाकरीचा मऊ पापुद्रा काढून ती माझ्या ताटात टाकायची आणि जाड भाग स्वतः खायची. "मऊ खा," म्हणायची, "डोकं चालतं." असं काही होतं का माहीत नाही, पण मी मऊ खाल्लं. मायला मी "अगं" म्हणायचे. काकूला मात्र "अवो काकू" म्हणायचे. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. मला वाटायचं, अगं म्हटलं आणि तिला नाही आवडलं तर?

दिवाळीनंतर गणिताच्या सरांनी जादा तास सुरू केला. शाळा सुटल्यावर, मागं पडलेल्या मुलांसाठी. सर मला म्हणाले, "तुझं दसऱ्यानंतरचं सगळंच राहिलंय गं. तीन वर्षांचं राहिलंय. रोज बसशील तर होईल."

मी बसले. काकूला सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं? आज वाटतं, बस म्हणाली असती. एखाद्या बाईला दोन घागरी टाक म्हणाली असती. तेव्हा मला वाटलं, ती म्हणेल, हे बघा, महिनाभरातच कंटाळली. आणि निरोप जाईल. म्हणून मी सांगितलंच नाही.

तास सुटून घरी पोचायला दिवस मावळायचा. हापशावर तेव्हा सगळ्या गावाच्या घागरी लागलेल्या असायच्या. पहिल्या दिवशी मी सहा झाडांनाच पाणी घालू शकले. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी मला एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडची काळी माती. वरून तांब्याभर पाणी शिंपडलं की ती लगेच गडद होते, भिजल्यासारखी दिसते. खाली दोन बोटांवर कोरडी ठणठणीत. मी एका बादलीत अठरा झाडं उरकायला लागले.

काकू कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन यायची. मागच्या दारात उभं राहून अंधुक उजेडात परसाकडं बघायची.

"घातलंस पाणी?"

"घातलं."

"माजी सोन्यासारखी लेक," ती म्हणायची आणि गाठोडं टाकायची.

झाडं दुपारी मान टाकायची, पण दुपारी घरी कोण असतं? संध्याकाळच्या गारव्यात पानं परत वर यायची. असे बारा दिवस गेले. अपूर्णांकांचा भागाकार मला जमायला लागला. सरांनी फळ्यापाशी बोलावलं, मी न चुकता केला, आणि सर म्हणाले, "हे बघा, ही ऊसतोडीला जायची." मुलं माझ्याकडं बघायला लागली. मला तेव्हा इतकं बरं वाटलं की येताना सगळ्या रस्त्यात मी स्वतःशीच आकडे म्हणत आले. त्या दिवशी तर मी शिंपडलंसुद्धा नाही.

सटीच्या आदल्या दिवशी जिंतूरहून आत्या आली. काकांची थोरली बहीण. आत्या घरात शिरली की आधी चुलीकडं बघायची, मग डब्यांकडं, आणि माणसांकडं सगळ्यात शेवटी. माझ्याकडं बघून तिनं काकूला विचारलं, "ही कामून हितं? आय-बापाला जड झाली व्हय?"

"शाळेला ठिवलीय ताई."

"शाळेला," आत्या म्हणाली. "बरं. तुला बी सवय व्हईल लेकराची."

काकू हसली. असं बोललं की ती हसायची.

सटीच्या सकाळी काकूनं न्हाऊन, ओल्या केसांनी, परसातली सात मोठी वांगी निवडली. प्रत्येकाला हळद-कुंकू लावलं, नमस्कार केला आणि तोडली. कडेच्या चार झाडांची तिनं घेतली नाहीत. तिथली मोठी आधीच शेजारी गेली होती, उरलेली अजून लहान होती. सातही वांगी बिनपाण्याच्या झाडांची. मी बघत होते. तिनं एक हातात तोलून बघितलं, म्हणाली, "यंदा चकाकी न्हाई तितकी. थंडीनं आसंल." मी मान हलवली.

रोडगे काकूनं स्वतः केले. पूजेचं, तळीचं ताट तिलाच मांडायचं होतं. भरीत माझ्याकडं आलं. "तुला शिकिवलंय तसं कर. आन जीभ लावायची न्हाई, ध्यान धर," ती म्हणाली.

मी वांग्यांना तेल लावलं, सुरीनं टोचे मारले, गवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवली. साल तडकली, पाणी सुटलं, वास आला. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात वांग्याचा वास. मग मी ती परातीत घेऊन सोलायला बसले. पहिलंच उघडलं. आत बी भरलेलं होतं, तपकिरी, कडक. गर चिवट. दुसरं तसंच. तिसरं तसंच.

मागं वळून बघितलं. काकू देवापाशी होती, आत्या ओट्यावर. मी बोटावरचा गर चाटला.

कडू. जिभेच्या टोकाला नाही, पार घशाच्या खाली लागणारं कडू.

अजून वेळ होता. परसात कडेच्या झाडांना लहान का होईना सहा-सात वांगी होती, रोज न्हाणीचं पाणी पिलेली. ती चांगली निघाली असती, मला माहीत होतं. निखारे पेटलेलेच होते. फक्त उठून काकूला सांगायचं होतं. पण काय सांगायचं? कडू आहे म्हटलं तर, तुला काय माहीत? चाखलं म्हणून माहीत. आणि कडू का? पाणी घातलं नाही म्हणून. एका सांगण्यात तीन गोष्टी होत्या, आणि तिन्हींच्या शेवटी बापाचं ते वाक्य होतं, बसवून द्या कुणाबरबर बी.

"झालं का गं?" आत्या ओट्यावरून ओरडली. "का देवाला उद्या जेवू घालायचंय?"

"व्हायलंय आत्या," मी म्हणाले.

मी मिरची जास्त घातली. लसूण जास्त घातला. शेंगदाण्याचा कूट दोन मुठी, कांद्याची पात, आणि डब्यातला गुळाचा खडा फोडून टाकला. भरतात कुणी गूळ घालत नाही. मी घातला. मग दुसऱ्यांदा चाखायचा धीर झाला नाही.

तळी उचलली. येळकोट येळकोट झालं. भंडारा उधळला, सगळ्यांची कपाळं पिवळी झाली. काकूनं देवापुढं ताट ठेवलं आणि डोळे मिटून इतका वेळ बसली की काका म्हणाले, "आगं पुरं, देवाला जेवू दे."

नैवेद्याचा एक वाटा कुत्र्याला द्यायचा असतो, खंडोबाचं कुत्रं म्हणून. आमच्या गल्लीत एक तांबडं कुत्रं होतं, चपला खाणारं. आत्यानं त्याच्यापुढं पान ठेवलं. त्यानं रोडगा खाल्ला. भरताला नाक लावलं, एकदा चाटलं, शिंकलं, आणि मागं सरकून बसलं.

"आगं बया," आत्या म्हणाली. "देवाचं कुत्रं शिंकायलंय की."

काका हसले. आत्या हसली नाही. ती आत आली, परातीतून बोटभर भरीत घेतलं, तोंडात घातलं आणि तशीच मोरीपाशी जाऊन थुंकली.

"कडू जहर," ती म्हणाली. "आन वरून गूळ घातलाय! कुणी केलंय हे?"

मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. काकूनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग आत्याकडं बघितलं.

"म्या केलंय."

"तू?"

"म्या केलंय ताई. माज्या हातचं हाय."

आत्यानं पदराला हात पुसला. "कूस वाळली ती वाळली," ती म्हणाली, "आता हात बी वाळला का गं तुजा? पाचवी सट ना ही? ह्यो नैवेद देऊन लेकरू मागायलीस देवाला?"

काका खाली मान घालून बसले. मी तांब्या धरून उभीच होते. काकूनं परात ओढली, सगळं भरीत स्वतःच्या ताटात घेतलं आणि रोडग्याबरोबर जेवायला बसली. देवाचं टाकायचं नसतं. ती घास घ्यायची, चावायची, गिळायची. डोळ्यांतून पाणी यायचं ते मिरचीचं म्हणून पुसायची. परात पुसून खाल्ली तिनं. मी तिला दोनदा पाणी वाढलं.

आत्या दुसऱ्या दिवशी गेली. जाताना उंबऱ्यावर काकांना जे सांगायचं ते सांगून गेली. मला ऐकू आलं ते एवढंच, "परक्याचं लेकरू घरात असल्यावर देव कामून देईल आपलं?"

दुपारी काकू परात घासत होती. राख आणि नारळाची शेंडी. मी भांडी विसळत होते. तिनं वर न बघता विचारलं, "भरीत चाखलं व्हतंस का गं?"

"न्हाई."

"पानी रोज घातलंस?"

"घातलं."

तिचा हात थांबला. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग परत घासायला लागली. परात आधीच लख्ख झालेली होती.

तिनं परत विचारलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी नेहमीसारखी वागली, फक्त पापुद्रा ताटात टाकला नाही. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, गंगाखेडहून उसाकडं गाडी जायलीय, ओळखीची माणसं आहेत. मी काकूकडं बघितलं. ती बोलेल असं मला वाटलं. दसऱ्याला बोलली होती तशी. ती उठली आणि माझी पिशवी भरायला लागली. कपडे, पाटी, आठवीची सगळी पुस्तकं. वर एक चिंधीची पुरचुंडी. राखेत घोळलेलं बी.

"तिकडं पाण्याला कमी न्हाई म्हणतेत," ती म्हणाली. "तिकडं घाल."

एवढंच. गाडीत बसल्यावर मला कळलं की तिला माहीत आहे.

त्यानंतर मी शाळेत गेले नाही. फडावर आमच्या पाचटाच्या कोपीच्या मागं, आंघोळीच्या पाण्यावर ते बी लावलं. वांगी धरली तेव्हा पट्टा पडला होता, म्हणजे तोडणी संपली होती, आम्ही निघालो, ती कुणी खाल्ली माहीत नाही. बी तेवढं पुरचुंडीत अर्धं ठेवलं होतं. पुढच्या वर्षी परत लावलं. लग्न झालं, नवरा मागावर लागला, आम्ही इकडं आलो, बी बरोबर आलं. इथं मेसमध्ये पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी वांग्याची भाजी करायला सांगितली आणि एक घास खाऊन म्हणाल्या, उद्यापासून ये. ती भाजी काकूची. मी हे रोज म्हणते मनाशी, तिच्यामुळं आहे हे. खोटं म्हणत नाही.

पण काकूला मूल झालं नाही. त्या वर्षी नाही, पुढंही नाही. माणसाच्या खोटेपणानं असं होत नसतं, हे मला कळतं. दिवसा कळतं. आणि मेसमध्ये मी प्रत्येक भाजी तीन-तीनदा चाखते. मालकीणबाई म्हणतात, तू चाखूनच जेवतेस, तुझं वेगळं ताट कशाला?

बी पाठवलं. बाजारात ओळख झालेली जिंतूरकडची एक बाई गावी चालली होती, तिच्याजवळ दिलं. श्रावणात काकूचा परत फोन आला. एका वर्षात दोनदा.

"उगवलं गं," ती म्हणाली. आवाज तरणा वाटला. "बावीस लावलं, एकोणीस उगवलं. तेच हाय. पानाला काटा हाय."

"बरं झालं."

"खत काय घालायलीस तिकडं? बी लय टपोरं हाय."

मी गच्चीवर होते. चिंधी बांधलेलं वांगं समोर होतं. म्हटलं, आता नाही तर कधी.

"काकू, एक सांगू का? त्या सटीला मी भरीत चाखलं व्हतं. आन पाणी बी घातलं नव्हतं. बारा दिवस."

तिकडं कोंबडीला हाकलल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "व्हटाला राख व्हती तुज्या. हितं, कोपऱ्यात."

"तवाच दिसली तुमाला?"

"तवाच. म्हणून तर म्या केलंय म्हणले. ताईला दिसली असती तर तितंच सोलली असती तिनं तुला."

"मग मला इचारलंत कामून? माहीत व्हतं तर?"

"तू सांगशील म्हणून," काकू म्हणाली. "ह्यांनी दुसऱ्याच दिशी काढलं व्हतं, धाडून द्या म्हणून. म्या म्हणले, दोन दिस थांबा. वाट बघितली दोन दिस."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "सांगितलं असतं तर ठिवलं असतं?"

"ठिवलं असतं."

जरा अडखळली असती तरी मला बरं वाटलं असतं. ती अडखळली नाही.

"मी तेरा वरसाची व्हते काकू," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, तिच्यासमोर पहिल्यांदा. "तेरा वरसाच्या पोरीला..."

"व्हय," ती म्हणाली. "आन मला तिनं काय म्हणलं ते तू ऐकलंस. तांब्या घेऊन उभी व्हतीस."

ती पुढं ये म्हणेल, सटीला ये, या वेळी तू कर भरीत, असं काहीतरी म्हणेल म्हणून मी फोन कानाला लावून ठेवला.

"पानी घालायचंय," ती म्हणाली. "आता हापसा न्हाई, नळ हाय. ठिवते."

माझी मुलगी यंदा आठवीत आहे. संध्याकाळी ती दप्तर टाकते आणि मोबाइल घेते. मी कणीक मळता मळता विचारते, गणित झालं का गं? ती म्हणते, झालं. मी तिच्या तोंडाकडं बघते. मग परत विचारते. ती चिडते, म्हणते, किती वेळा तेच विचारतेस गं आई, सांगितलं ना? मी तिसऱ्यांदा विचारते.

मला एकदाच विचारलं होतं.